मूल तासातून कुठे गळतं? नव्या शिक्षकांसाठी समावेशक वर्गाची तयारी

जूनचा तिसरा आठवडा. नवी शिक्षिका रुजू होते, मुख्याध्यापक तिच्या हातात हजेरीपत्रक देतात आणि एका नावावर बोट ठेवून, आवाज खाली आणत सांगतात, "हा सीडब्ल्यूएसएन (विशेष गरजा असलेलं मूल) आहे हं, जरा सांभाळून घ्या." त्या संध्याकाळी मला फोन येतो. प्रश्न ठरलेला असतो: "ताई, त्या मुलाचं मी काय करू?"

पुण्यातल्या मराठी शाळांत बावीस वर्षं शिकवून माझं उत्तरही ठरून गेलंय. त्या मुलाचं आत्ता काही करू नका. आधी आपला तास बघा. पस्तीस मिनिटांच्या तासात ते मूल कुठे गळतं? सूचना ऐकताना, फळ्यावरचं उतरवताना, वाचताना, की जोडीने काम करताना? ती जागा सापडली की निम्मं काम झालं. आणि गंमत म्हणजे त्याच जागी आणखी चार-पाच मुलं गळत असतात, त्यांच्या नावापुढे कुठलीच खूण नसते.

हे मला बीएडने शिकवलं नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या पाचवीत एक मुलगी होती. फळ्यावरचं उतरवण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं, अक्षर तर मोत्याच्या दाण्यांसारखं. पण श्रुतलेखनाला वही कोरी. मी तिला आळशी म्हणायचे, तेही सगळ्यांसमोर. दिवाळीनंतर एका सहकारी बाईंच्या लक्षात आलं की मुलगी बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघते. तपासणी केली तर दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. मी श्रुतलेखन घालायचे बाकांमधून फिरत फिरत, म्हणजे अर्धा वेळ तिच्याकडे पाठ करून. शाळा सुरू होऊन पाच महिने झाले होते.

म्हणून खालचा क्रम सांगताना मी मुलाच्या निदानापासून सुरुवात करत नाही.

कायद्याचं एवढं पुरे

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला त्याने शाळेत जागा दिली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. जुन्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, ते आता २१ झाले. विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकतानाची खास अडचण), स्वमग्नता (ऑटिझम), थॅलेसेमिया, सिकलसेल हे सगळं त्यात येतं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि तो जवळच्या नेहमीच्या शाळेत घ्यायचा की विशेष शाळेत, हे मूल आणि पालक ठरवतात. "याला विशेष शाळेत टाका" हा सल्ला देण्याची घाई म्हणूनच करू नका. तो निर्णय आपला नाही.

पहिले तीन आठवडे नुसतं बघा

एक दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक मुलाला दोन पानं. रोज फक्त तीन मुलांबद्दल प्रत्येकी दोन ओळी लिहा. पन्नासचा पट असेल तर तीन आठवड्यांत सगळा वर्ग डोळ्यांखालून जातो.

काय लिहायचं, यावर सगळं अवलंबून आहे. "लक्ष देत नाही" हे लिहायचं नाही, तो निकाल झाला. "तोंडी सूचना दिल्यावर शेजाऱ्याच्या वहीत बघून मग सुरुवात केली" असं लिहा. "वाचनात कच्चा" नको. "'भात' ला 'मात' वाचलं, जोडाक्षर आलं की थांबला, चित्र बघून अंदाजाने पुढे गेला" असं हवं. असे तपशील जमले की डॉक्टरांना, विशेष शिक्षकांना आणि पालकांना दाखवायला तुमच्याकडे काहीतरी ठोस असतं. नाहीतर पालकसभेत आपण "थोडा चंचल आहे" एवढंच म्हणतो, आणि आई म्हणते "घरी पण तसाच", विषय संपला.

या काळात नजर ठेवायच्या काही गोष्टी: वही डोळ्यांच्या किती जवळ धरतो, मान एकाच बाजूला वळवून ऐकतो का, मधल्या सुट्टीत कुणाबरोबर बसतो, डबा आणतो का, पोषण आहाराच्या रांगेत उभा राहायला लाजतो का, जिना चढताना कठडा धरतो का, सोमवारी गैरहजर असतो का. आणि हो, मुलाला काय येतं तेही लिहा. नव्या शिक्षकांच्या वह्यांत हा रकाना हमखास रिकामा असतो.

एक शब्द मात्र पहिल्या दिवसापासून वर्गातून हद्दपार करा: "ढ". मुलं तो सहज वापरतात, कारण घरी, दारी आणि कधी शिक्षककक्षातही तो सहज वापरला जातो. त्याच्याइतकाच "स्पेशल" हा शब्दही आता चिडवायला वापरतात, हे शहरातल्या शाळांत मी स्वतः ऐकलंय. तेव्हा नुसता शब्द बदलून भागणार नाही. कुठल्याही मुलाबद्दल तिसऱ्या मुलासमोर बोलायचं नाही, हा नियम आधी स्वतःला लावा.

बाकं, उजेड, आवाज

हे काम एका दुपारचं आहे आणि त्याला पैसा लागत नाही. शाळा सुटल्यावर वर्गातल्या चार कोपऱ्यांतल्या बाकांवर प्रत्यक्ष जाऊन बसा. खिडकीचा उजेड फळ्यावर पडून कुठून काही दिसत नाही, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही. आमच्या एका वर्गात डावीकडच्या दोन रांगांना सकाळी दहापर्यंत फळा नुसता चकाकता दिसायचा. जुन्या चादरीचा पडदा लावला आणि तीन मुलांची "उतरवत नाही" ही तक्रार संपली.

कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पुढच्या बाकावर बसवा असं सगळे सांगतात. पण अगदी पहिल्या बाकाच्या टोकाला बसवलं तर त्याला वर्गातली बाकी मुलं बोलताना दिसतच नाहीत. दुसऱ्या रांगेत, थोडं बाजूला, पंख्यापासून आणि रस्त्याकडच्या खिडकीपासून लांब बसवा. श्रवणयंत्र सगळेच आवाज मोठे करतं. पंख्याची घरघर, बाक सरकवल्याची कर्कश किंचाळी, पीएमपी बसचा हॉर्न, सगळंच. बाकांच्या पायांना जुने टेनिस बॉल चिरून बसवले तर फरशीवरचा आवाज एकदम खाली येतो. जवळपास कुठल्यातरी क्लबात वापरून झालेले बॉल मिळतात, मागायला लाजू नका.

फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. लिहा, वळा, मग बोला. ही सवय लागायला मला एक अख्खं सत्र गेलं.

तास बांधताना

सूचनेपासून सुरुवात करू. "वह्या काढा, तारीख घाला, समास आखा, पान बावीस उघडा आणि खालचे तीन प्रश्न उतरवा, पण उत्तरं लिहू नका." एका श्वासात सहा कामं झाली. ज्याच्या लक्षात दोनच राहतात तो तारीख घालून शेजाऱ्याकडे बघत बसतो आणि आपण ओरडतो. एका वेळी एक सूचना द्या, ती फळ्याच्या कोपऱ्यात एका शब्दात लिहा (वही, तारीख, पान २२), आणि एखाद्या मुलाला ती परत सांगायला लावा. "कळलं का?" विचारू नका. त्याचं उत्तर साठ मुलांच्या एका सुरात "होऽऽ" असंच येतं.

दुसरं, प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या सुमारास वर्गांतली संभाषणं ध्वनिमुद्रित करून तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तो वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला की उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत, पण वर्गात उभं राहून ते घालवणं फार जड जातं. मी मनात "एक खडकवासला, दोन खडकवासला, तीन खडकवासला" म्हणते. हसा, पण करून बघा.

खडकवासल्यावरून आठवलं, एक पूर्ण तास उदाहरणादाखल देते. चौथीचा परिसर अभ्यास, विषय: आपल्या नळाला पाणी कुठून येतं.

पूर्वी मी काय करायचे? धडा मोठ्याने वाचायचा, फळ्यावर पाच मुद्दे, खाली तीन प्रश्नोत्तरं, उतरवा. या तासात वाचता न येणारा, उतरवायला वेळ लागणारा, मराठी नवी असलेला आणि एका जागी बसू न शकणारा, असे चौघेही गळतात. तोच तास आता असा घेते.

पहिली दहा मिनिटं फरशीवर एक जाड सुतळी सोडते. एका टोकाला पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणं, मग खडकवासला धरण, तिथून पर्वतीचं जलशुद्धीकरण केंद्र, मग पाण्याची टाकी, शेवटी नळ. एकेका मुलाच्या गळ्यात नावाची आणि चित्राची पाटी. पाणी म्हणून एक निळी ओढणी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. चुळबुळणाऱ्या मुलाला ओढणी द्या, त्याला पळायचंच असतं. चाकाच्या खुर्चीवरची मुलगी खडकवासला होते, कारण सगळ्यांना तिच्यापाशीच थांबावं लागतं.

मग दहा मिनिटं जोडीत बोलायचं: तुमच्या घरी पाणी कधी येतं, कोण भरतं, आलं नाही तर काय करता? माझ्या वर्गात बांधकामावरच्या वस्तीतला एक मुलगा होता, घरी कन्नड बोलणारा, दोन महिने तोंडातून शब्द नाही. त्या दिवशी तो उठून टँकर कसा येतो, पाइप कुठे लावतात, पिंप कोणी आधी भरायचं यावर कसं भांडण होतं, हे अर्ध्या मराठीत, अर्ध्या हातवाऱ्यांत सांगत होता. सोसायटीतल्या मुलांना टँकर म्हणजे गच्चीतल्या टाकीत पाणी टाकणारी गाडी एवढंच ठाऊक. त्या दिवसापुरता तज्ज्ञ तो होता.

शेवटची पंधरा मिनिटं लेखी कामाची, पण निवड मुलांची: पाच वाक्यं लिहा, किंवा चित्रांच्या पट्ट्या क्रमाने चिकटवून खाली नावं लिहा, किंवा माझ्याजवळ येऊन तोंडी सांगा. तिन्हीत तपासायचं एकच, पाण्याचा प्रवास क्रमाने सांगता येतो का. हे नीट समजून घ्या. उद्दिष्ट सगळ्यांना एक, तिथे पोचायच्या वाटा तीन. दिव्यांग मुलाला वेगळं, सोपं, चित्र रंगवायचं काम देऊन कोपऱ्यात बसवणं याला बरेच जण समावेश समजतात. ते मूल वर्गात असतं, तासात नसतं.

असा तास रोज घेता येत नाही, मीही घेत नाही. आठवड्याला एक पुरे. बाकीच्या दिवशी सूचना, थांबणं आणि उत्तराच्या दोन वाटा, एवढं सांभाळा.

जोड्या लावताना एक खबरदारी घ्या. वर्गातल्या हुशार, समजूतदार मुलीला (बहुतेक वेळा मुलगीच असते) त्या मुलाची कायमची ताई करू नका. तिचंही बालपण आहे. दर पंधरा दिवसांनी जोड्या बदला, आणि मदत दोन्ही बाजूंनी होईल अशा लावा: एकीचं वाचन चांगलं, दुसऱ्याची चित्रकला.

वाचन आणि अंक: मराठीचे आपले खाचखळगे

अध्ययन अक्षमतेवरचं बरंचसं लिखाण इंग्रजी अक्षरांबद्दल असतं, बी आणि डी उलटे वगैरे. आपल्या मुलांच्या अडचणी देवनागरीच्या आहेत. भ-म, घ-ध, थ-य, ब-व या जोड्या, 'ख' ला 'रव' वाचणं, पहिली वेलांटी डावीकडे लिहायची पण उच्चारायची नंतर, रफार वर आणि पुढच्या अक्षरावर, जोडाक्षरात अर्धं अक्षर कुठलं. यातली थोडीफार गफलत पहिली-दुसरीत सगळ्यांचीच होते. चौथीतही तोच शब्द रोज वेगवेगळ्या तऱ्हेने चुकत असेल तर वहीत नोंद करा.

काय करायचं? सारखी दिसणारी दोन अक्षरं एका आठवड्यात शिकवू नका. भ पक्का होईपर्यंत म ला हात लावायचा नाही. वाळूच्या ताटात, मग हवेत, मग फळ्यावर ओल्या फडक्याने, अशी अक्षरं गिरवून घ्या. वाचताना ओळीखाली पट्टी ठेवू द्या, बोट ठेवू द्या. "मोठा झालास ना आता" असं म्हणून ते सोडवू नका. अचानक उभं करून सगळ्यांसमोर वाचायला लावू नका. उद्या कुठला परिच्छेद वाचायचा ते आज सांगा, म्हणजे मूल घरून तयारी करून येतं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवून घेता येतात. एखादं पान ए-फोरवरून ए-थ्रीवर मोठं करून घ्यायला झेरॉक्सवाल्याला मिनिटही लागत नाही. कमी दिसणाऱ्या मुलाइतकाच त्या मोठ्या पानाचा फायदा ओळी हरवणाऱ्यालाही होतो.

अंकांचं तर आणखी वेगळं. "त्रेचाळीस" ऐकलं की कानावर आधी तीन येतो, म्हणून मूल आधी ३ लिहितं आणि होतात ३४. "एकोणपन्नास" मध्ये पन्नास ऐकू येतात, लिहायचे मात्र ४९. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" असं संख्यावाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरं आणि उलट क्रम यांमुळे मुलांना होणारा त्रास हेच कारण सांगितलं होतं. भाषेच्या अभिमानाचा वाद बाजूला ठेवा. वर्गात मी दोन्ही नावं लागोपाठ म्हणवून घेते, "चाळीस तीन, त्रेचाळीस", आणि दशकाच्या गठ्ठ्यांबरोबर. ज्याला अडचण नाही त्याचं काही बिघडत नाही, आणि ज्याला आहे त्याला धरायला काठी मिळते. पाढे पाठ नसलेल्या मुलाला शाब्दिक उदाहरणाच्या वेळी पाढ्यांचा तक्ता समोर ठेवू द्या. तिथे आपण त्याची रीत तपासत असतो; पाठांतर दुसऱ्या तासाला.

पैसा, जात, घरची भाषा

समावेशक वर्ग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चाकाची खुर्ची येते. पण पुण्यातल्या वर्गात मूल गळण्याच्या जागा याही आहेत, आणि त्यांबद्दल प्रशिक्षणात फार कोणी बोलत नाही.

शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की "एससीवाल्यांनी हात वर करा" असं भर वर्गात म्हणणारे शिक्षक मी पाहिलेत, चांगले, मन लावून शिकवणारे. त्यांच्या मनात काही वाईट नसतं, काम उरकायचं असतं. पण त्या एका वाक्याने वर्ग कायमचा दुभंगतो. यादी कार्यालयातून घ्या, मुलांना एकेकट्याने चिठ्ठी द्या किंवा पालकांना फोन करा. मोफत गणवेश, पुस्तकं वाटतानाही तेच.

विनाअनुदानित शाळांत शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांवर आलेली मुलं असतात. "आरटीईची मुलं" हा शब्द शिक्षककक्षात जन्मतो आणि आठवड्यात मैदानावर पोचतो. तुम्ही वापरू नका. प्रकल्पासाठी थर्माकोल, ग्लिटर, रंगीत प्रिंटआउट मागवणं बंद करा. जुन्या पत्रिका, खोकी, चिंध्या असं साहित्य वर्गातल्या एका पेटीत ठेवा आणि प्रकल्प वर्गातच करून घ्या. नाहीतर मार्क आई-वडिलांच्या खिशाला जातात. वाढदिवसाच्या चॉकलेटांचंही काही तरी करावं लागतं. आमच्याकडे महिन्यातून एकदा त्या महिन्याच्या सगळ्या मुलांसाठी मिळून एक गाणं म्हणतो.

भाषेबद्दल. घरी गोरमाटी, वडारी, कन्नड, हिंदी, भोजपुरी बोलणारी मुलं येतात. नंदुरबारच्या, नांदेडच्या बोलीत बोलणारीही येतात आणि त्यांना "अशुद्ध" म्हणण्यात आपल्या पेठांना विशेष आनंद. मूल "मला पानी पायजे" म्हणालं तर त्याला पाणी द्या. लिहिताना "पाणी पाहिजे" कसं लिहायचं ते वेगळं, लेखनाच्या तासाला. फळ्याच्या कडेला रोज एक शब्द तीन-चार घरच्या भाषांत लिहा, सांगणारी मुलंच. नव्या मुलाला पहिले दोन महिने बोलण्याची सक्ती करू नका. ऐकून साठवण्याचा काळ असतो तो.

मूल बिथरलं तर

स्वमग्न मुलाला बदलाची पूर्वसूचना लागते. दिवसाचं वेळापत्रक चित्रांत भिंतीवर लावा आणि झालेल्या तासावर तो स्वतः चिठ्ठी उलटी करेल असं करा. गॅदरिंग, प्रभातफेरी, पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी सांगा. पुण्यात एक जास्तीची अडचण म्हणजे पावसाळ्यात नदीकाठी सुरू होणारे ढोल-ताशा पथकांचे सराव. त्या पट्ट्यात राहणारी, आवाज सहन न होणारी मुलं गणेशोत्सव संपेपर्यंत झोपेविना येतात. पालकांना विचारा आणि त्या दिवसांत सकाळचा पहिला तास हलका ठेवा.

मूल ओरडायला, फेकाफेक करायला लागलं तर त्या क्षणी उपदेश करू नका, हात धरून ओढू नका. आवाज बारीक करा, बाकीच्या मुलांना काम द्या, त्याला ठरलेल्या शांत कोपऱ्यात जाऊ द्या. तो कोपरा आधीच ठरलेला हवा, आणि ती शिक्षा नाही हे सगळ्या वर्गाला माहीत हवं. माझ्या वर्गात तिथे एक गोधडी आणि रुबिक क्यूब असतो. कधीकधी वर्गातली सगळ्यात गुणी मुलगीही दोन मिनिटं जाऊन बसते. नंतर वहीत लिहा: आधी काय घडलं, मग मुलाने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. अशा पाच नोंदी झाल्या की बहुतेक वेळा कारण दिसायला लागतं. आणि मारणं किंवा पाणउतारा करणं, दोन्हीला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे, मुख्याध्यापकांनी कितीही "एक दिली तर सुधारेल" म्हटलं तरी.

फीट आली तर: कांदा नाही, चप्पल नाही, तोंडात चमचा नाही, पाणी नाही. आजूबाजूची बाकं हलवा, डोक्याखाली दप्तर किंवा मऊ काही ठेवा, मुलाला कुशीवर करा, घड्याळ बघा. झटके पाच मिनिटांपेक्षा जास्त चालले, पुन्हा लगेच आले किंवा ही पहिलीच वेळ असली तर १०८ ला फोन. बाकीच्या मुलांना नंतर साध्या शब्दांत सांगा, नाहीतर "अंगात आलं" ही बातमी मधल्या सुट्टीत पसरलीच म्हणून समजा.

पालकांशी बोलताना

पहिला फोन तक्रारीचा नको. जुलैच्या आधी एक फोन फक्त चांगलं सांगायला करा: "आज तिने सुतळीवरची सगळी धरणं बरोबर सांगितली." पुढे कधी अवघड बोलायची वेळ आली तर हा फोन उपयोगी पडतो.

वेळ त्यांच्या सोयीची हवी. धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या आईला सकाळी अकरा जमत नाहीत, संध्याकाळी सहा जमतात. भोसरी-चाकणकडे कंपनीत जाणाऱ्या वडिलांना बहुधा गुरुवारी सुट्टी असते. आणि निदान सांगू नका. "तुमच्या मुलाला डिस्लेक्सिया वाटतो" हे वाक्य शिक्षकाचं नाही. वही उघडून दाखवा, काय काय करून पाहिलं ते सांगा, आणि "घरी काय दिसतं?" असं विचारून गप्प बसा. काही घरांत सासूच्या भीतीने आई बोलत नाही, काही घरांत वडील "मीही लहानपणी असाच होतो" म्हणून उडवून लावतात. एका भेटीत होत नाही. तिसऱ्या भेटीत होतं.

कागद आणि विशेष शिक्षक

समग्र शिक्षा अभियानात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक आणि विषयतज्ज्ञ नेमलेले असतात. ते गटसाधन केंद्राशी, महापालिका हद्दीत शहर साधन केंद्राशी जोडलेले असतात. त्यांचा नंबर केंद्रप्रमुखांकडून पहिल्याच आठवड्यात घ्या. एकेकाकडे अनेक शाळा असतात, तेव्हा ते रोज येतील अशी अपेक्षा नको. आले की मुलाला बाहेर नेऊन शिकवण्यापेक्षा तुमच्या तासात बसायला सांगा आणि नंतर दहा मिनिटं तुमच्याशी बोलायला. प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, मुलींचा प्रोत्साहन भत्ता, श्रवणयंत्र, चष्मा, मोठ्या टायपाची किंवा ब्रेल पुस्तकं यांची मागणी त्यांच्यामार्फत जाते, आणि शाळेच्या यू-डायसच्या माहितीत (सरकारकडे जाणारी शाळेची आणि मुलांची नोंद) मुलाची नोंद नसेल तर ती अडते. म्हणून नोंद स्वतः तपासा.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा. पुण्यात तपासणी ससूनला किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात होते. तारीख मिळायला वेळ लागतो, फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरीला आईची एक दिवसाची मजुरी जाते. तुमच्या नोंदवहीच्या पानांची झेरॉक्स बरोबर द्या, एखादी फेरी वाचते. अध्ययन अक्षमतेचं निदान साधारण आठ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय करत नाहीत, तेव्हा पहिलीतल्या मुलामागे कागदाचा लकडा लावू नका. मात्र सातवी-आठवीत ढिलाई केली तर दहावीच्या फॉर्मच्या वेळी जादा वेळ आणि लेखनिकासाठी धावाधाव ठरलेली. कागद असो वा नसो, वर्गातली मदत आजपासून सुरू करता येते. सुतळी आणायला प्रमाणपत्र लागत नाही.

परीक्षा आणि एप्रिलचं पान

आकारिक मूल्यमापन, म्हणजे वर्षभर वर्गात चालणारं मूल्यमापन, आपल्या हातात आहे, त्याचा उपयोग करा. तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम यांचे गुण खरोखर तोंडी आणि प्रात्यक्षिक घेऊन द्या. सत्रअखेर रकाने एका बैठकीत भरून टाकण्याची परंपरा आपण सोडली तर या मुलांचं निम्मं भलं होईल. प्रश्नपत्रिकेत ओळींमध्ये मोकळी जागा ठेवा, एका पानावर चारच प्रश्न. इतिहासाच्या उत्तरात शुद्धलेखनाचे गुण कापू नका. लेखनिक द्यायचा असेल तर परीक्षेआधी दोन-तीनदा त्याच्याबरोबर सराव करून घ्या, कारण आपलं उत्तर दुसऱ्याला सांगून लिहून घेणं हे वेगळंच कौशल्य आहे. सरावाशिवाय बसवलेलं मूल पेपरात गप्प होतं आणि लेखनिक पोरगं घामाघूम.

एप्रिलच्या शेवटी आणखी एक काम. ज्या मुलांबद्दल वहीत सात-आठ नोंदी झाल्यात, त्यांच्यापैकी प्रत्येकासाठी एक पान लिहा: काय येतं, कुठे गळत होता, काय केल्यावर थांबला, काय करून उपयोग झाला नाही, घरी कोणाशी बोलायचं आणि किती वाजता. हे पान मुलाच्या फाइलला लावून कपाटात ठेवलं तर कोणी वाचत नाही. वरच्या वर्गाच्या शिक्षकांना गाठा, चहा सांगा, आणि पान हातात देऊन दहा मिनिटं बोला. त्यांना अजून वर्गाची यादी मिळाली नसेल तर जूनच्या पहिल्या दिवशी पुन्हा गाठा.